दुहेरी गोफ दिसतो, पण बेसजोड्या सापडत नाहीत

डीएनए आणि आरएनए यांच्या त्रिमितीय रचना मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाशिकच्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक वेळा येणारी अडचण एकच आहे. पडद्यावर दुहेरी गोफ व्यवस्थित दिसतो, परंतु प्रोग्रॅम सांगतो की बेसजोड्या (हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जोडलेले समोरासमोरचे बेस) नाहीत, किंवा असायला हव्यात त्यापेक्षा कितीतरी कमी आहेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड परिसरातील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्राचे एम.एस्सी. प्रकल्प करणाऱ्यांना मी ही मदत बरीच वर्षे करत आलो आहे, आणि अहवालाची तारीख जवळ आली की हीच तक्रार नव्या रूपात पुढे येते. पुढील विवेचन प्रामुख्याने थ्रीडीएनए आणि त्यानंतरच्या डीएसएसआर या प्रोग्रॅमना धरून आहे, मात्र त्यातील बहुतेक तपासण्या कर्व्हज-प्लस किंवा बीपीफाइंड वापरणाऱ्यांनाही लागू पडतात. माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो: दोष जवळजवळ नेहमी दिलेल्या फाइलमध्ये असतो, आणि जोडी ओळखण्याचे निकष सैल करून तो दूर होत नाही, फक्त झाकला जातो.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे जोड्यांची संख्या शून्य येणे. दुसरे म्हणजे काही जोड्या सापडणे, पण गोफाचे मधूनच दोन-तीन तुकडे झालेले दाखवले जाणे. तिसरे लक्षण न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे बेस, शर्करा आणि फॉस्फेट मिळून होणाऱ्या धाग्याच्या एककांच्या, संख्येत दिसते. पीडीबी (प्रोटीन डेटा बँक) या रेणूंच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहातील १ईएचझेड या क्रमांकाची, यीस्टच्या फिनाइलॲलॅनिन टी-आरएनएची रचना ७६ न्यूक्लिओटाइडची असताना प्रोग्रॅम ६२ मोजतो. चौथे, जोड्या मिळतात पण आकडे असंभव वाटतात: बी-डीएनएमध्ये लगतच्या दोन जोड्यांतील पीळ सुमारे ३६ अंश आणि उंचीतील अंतर सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असायला हवे, तिथे अंतर ७ च्या आसपास जाते किंवा पीळ ऋण येतो. पाचवे लक्षण रेण्वीय गतिकीच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे रेणूच्या हालचालींच्या संगणकीय अनुकरणात, आढळते. सुरुवातीच्या फ्रेममध्ये (एका क्षणाच्या रचनेत) सर्व जोड्या असतात आणि एका फ्रेमपासून त्या एकाएकी नाहीशा होतात.

चौथ्या लक्षणाबाबत एक सावधगिरी बाळगावी. दोन जोड्यांमध्ये एखादे औषध किंवा रंगद्रव्य शिरले असेल तर ६.८ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे अंतर हेच खरे अंतर असते, आणि झेड-डीएनए डावखुरा असल्यामुळे त्याचा पीळ ऋणच असतो. अशा रचनांत प्रोग्रॅमने दिलेला आकडा बरोबर असतो, म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वी आपण कोणता रेणू हाताळत आहोत हे वाचून घ्यावे.

आधी प्रोग्रॅम चालतो का ते पाहावे

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे ज्याचे उत्तर माहीत आहे अशा रचनेवर प्रोग्रॅम चालवणे. त्यासाठी १९८१ साली प्रसिद्ध झालेली ड्र्यू आणि डिकरसन यांची १बीएनए ही रचना उत्तम आहे. तिच्यात १२ बेसचे दोन धागे आहेत, त्यामुळे उत्तर १२ जोड्या असेच यायला हवे. ते आले, तर सॉफ्टवेअर, त्याची मांडणी आणि संगणक हे तिन्ही एकदम संशयातून मुक्त होतात आणि पुढचा सगळा शोध आपल्या फाइलपुरता उरतो. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून थेट सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणारे विद्यार्थी अनेक आहेत, आणि त्यात त्यांचा पूर्ण दिवस जातो.

१बीएनएवरही प्रोग्रॅम अडला, तर थ्रीडीएनएच्या बाबतीत बहुधा त्याला स्वतःच्या फोल्डरचा पत्ता सापडलेला नसतो. हा पत्ता एक्स-थ्रीडीएनए नावाच्या पर्यावरण-चलात (प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या संगणकाच्या नोंदीत) नोंदवावा लागतो, कारण प्रमाणित बेसचे नमुने आणि जोडी ओळखण्याचे निकष त्या फोल्डरमधील वेगळ्या फाइलींत ठेवलेले असतात. टर्मिनलच्या एका खिडकीत केलेली नोंद दुसऱ्या खिडकीत लागू होत नाही, आणि मॅकच्या २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून मूळ शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) बॅशऐवजी झेड-शेल झाल्यामुळे बॅशच्या फाइलमध्ये लिहिलेली जुनी नोंद तिथे वाचलीच जात नाही. डीएसएसआर एकच स्वयंपूर्ण फाइल असल्याने त्याला ही नोंद लागत नाही, मात्र ती फाइल चालवण्याची परवानगी द्यावी लागते. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असतील, उदाहरणार्थ ‘माझा प्रकल्प’, तर नाव बदलून साधे रोमन अक्षरांतील सलग नाव द्यावे आणि पुन्हा पाहावे.

प्रत्येक रचनेसाठी वेगळे फोल्डर करावे, हाही नियम याच टप्प्यावर पाळावा. थ्रीडीएनएच्या अनेक निकाल-फाइलींची नावे ठरलेली असतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोन रचना चालवल्यास पहिलीचे निकाल दुसरीच्या निकालांखाली पुसले जातात आणि आपण नकळत भलत्याच रचनेच्या जोड्या वाचत बसतो. शिवाय चालू फोल्डरमध्ये निकषांच्या किंवा प्रमाणित बेसच्या फाइलीची एखादी जुनी प्रत पडलेली असेल, तर मूळ फाइलऐवजी तीच वाचली जाते. आधीच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवरून उचलून काम सुरू केले की ही प्रतही सोबत येते, आणि तिच्यात कोणी कोणता आकडा बदलून ठेवला आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

फाइल डोळ्यांनी वाचावी

यानंतर आपली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी. वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये नव्हे. पहिल्या काही ओळी आणि शेवटची ओळ पाहिली तरी बरेच कळते. पहिल्या ओळींत वेबपानाचा कोड दिसत असेल, तर रचनेऐवजी एखादे सूचनेचे पान उतरवले गेले आहे. शेवटी समाप्तीची ओळ नसेल आणि एखादा अणू अर्ध्यावर तुटलेला असेल, तर वीज किंवा इंटरनेट मधेच गेल्याने डाउनलोड अपुरे राहिले आहे.

पीडीबी संग्रहाच्या फाइलींचे पीडीबी याच नावाचे स्वरूप स्तंभांवर चालते आणि त्याचा अर्थ अक्षरांच्या जागेवरून लावला जातो. अणूचे नाव १३ ते १६ या स्तंभांत, न्यूक्लिओटाइडचे नाव १८ ते २० मध्ये, धाग्याचे अक्षर २२ मध्ये आणि तीन सहनिर्देशक (अणूचे अवकाशातील स्थान सांगणारे आकडे) ३१ ते ५४ या स्तंभांत असावे लागतात. हाताने संपादन करताना एक जरी मोकळी जागा वाढली, तरी मनुष्याला ओळ पूर्वीसारखीच दिसते आणि प्रोग्रॅम मात्र सहनिर्देशकाचा एक अंक गमावतो. विंडोजवर साठवून लिनक्सवर नेलेल्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जादा येते. सहनिर्देशकांच्या फाइलीला त्याचा फारसा त्रास होत नसला, तरी स्क्रिप्ट त्याने हमखास अडतात; तेव्हा ते चिन्ह काढून टाकणारी डॉस-टू-युनिक्स ही लहानशी आज्ञा एकदा चालवून घ्यावी.

पाणी काढताना काय काय निघून जाते

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा या एका कारणाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. जैवतंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी आधी प्रथिनांचे डॉकिंग (प्रथिनात दुसरा रेणू कसा बसेल हे संगणकावर पाहणे) शिकतात, आणि तिथे पहिलीच पायरी म्हणून फाइलमधील पाणी काढायला शिकवले जाते. त्याचा सोपा मार्ग म्हणून ‘ॲटम’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या ठेवून बाकी सर्व गाळले जाते. प्रथिनांत हे बहुधा खपून जाते. आरएनएमध्ये ते अजिबात खपत नाही.

कारण असे की पीडीबीमध्ये प्रमाणित न्यूक्लिओटाइड ‘ॲटम’ या ओळींत असतात आणि रासायनिक बदल झालेले न्यूक्लिओटाइड ‘हेटॅटम’ या ओळींत. वर उल्लेखिलेल्या टी-आरएनएमध्ये स्यूडोयुरिडीन, डायहायड्रोयुरिडीन, मेथिल-ग्वानोसिन यांसारखे १४ बदललेले न्यूक्लिओटाइड आहेत. पाण्यासोबत तेही गाळले गेले की ७६ चे ६२ होतात. मग ज्या जोड्यांत त्यांचा सहभाग होता त्या नाहीशा होतात, टी-आरएनएच्या कोपऱ्याला धरून ठेवणारी १८व्या आणि ५५व्या न्यूक्लिओटाइडमधील जोडी हरवते, आणि तयार होणारा नकाशा खऱ्या रेणूचा राहत नाही. त्याच गाळणीत धागा संपल्याच्या खुणा आणि मॉडेलच्या सीमा दाखवणाऱ्या ओळीही जातात. एनएमआर या चुंबकीय पद्धतीने ठरवलेल्या रचनेच्या फाइलमध्ये अनेक मॉडेल, म्हणजे त्याच रेणूच्या पर्यायी रचना, एकामागोमाग असतात. त्यांच्या सीमा गेल्या की सर्व मॉडेल एकाच जागी एकमेकांवर रचले जातात आणि एका बेसच्या जागी अनेक बेस आल्यामुळे प्रोग्रॅमला जोडी ठरवताच येत नाही.

उपाय सोपा आहे. मूळ फाइल पुन्हा उतरवावी आणि ती न गाळता चालवावी. थ्रीडीएनए आणि डीएसएसआर यांना पाण्याचा अडथळा होत नाही, कारण ते न्यूक्लिओटाइड ओळखतात ते बेसच्या वलयातील अणूंवरून. याच कारणाने वलयातील अणूंची नावे महत्त्वाची ठरतात. प्रोग्रॅम प्रत्येक बेसच्या वलयावर प्रमाणित बेस बसवतो, त्यावरून त्या बेसची स्वतःची चौकट (केंद्र आणि तीन अक्ष) ठरवतो, आणि जोडीची व पायरीची, म्हणजे लगतच्या दोन जोड्यांची, सर्व मापे त्या चौकटींवरून काढतो. ही चौकट १९९९ साली जपानमधील त्सुकुबा येथे झालेल्या कार्यशाळेतील एकमतातून आली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. वलयातील अणू सापडले नाहीत की चौकट नाही, आणि चौकट नाही म्हटल्यावर जोडीचा प्रश्नच उरत नाही.

नावांचा घोळ दोन ठिकाणांहून येतो. २००७ साली पीडीबीने आपल्या सर्व जुन्या नोंदी सुधारल्या. त्यानंतर डीएनएच्या बेसना डीए, डीसी, डीजी, डीटी अशी दोन अक्षरी नावे मिळाली आणि शर्करेच्या अणूंच्या नावातील तारांकनाच्या जागी अवतरणचिन्ह आले. त्याआधीची एखादी फाइल कोणाच्या संग्रहातून आली असेल, तर नावे जुनी असतात. दुसरे ठिकाण म्हणजे सिम्युलेशनची पॅकेजे: ॲम्बर टोकाच्या न्यूक्लिओटाइडच्या नावाला ५ किंवा ३ हा अंक जोडते, तर चार्म ॲडेनिनसाठी तीन अक्षरी नाव वापरते. थ्रीडीएनए अशी बरीच नावे ओळखते, आणि न ओळखलेले नाव बेसलिस्ट या यादीत नोंदवता येते. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना मात्र ही नावे वारंवार अडवतात.

स्तंभ १७ मधील अक्षरही याच वेळी पाहावे. स्फटिकात एखादा बेस दोन ठिकाणी आढळला असेल, तर दोन्ही जागा ए आणि बी या अक्षरांनी फाइलमध्ये नोंदवलेल्या असतात. त्यांतील एकच निवडावी आणि कोणती निवडली ते अहवालात लिहावे.

अर्धाच गोफ उतरवला आहे का

जोड्यांची संख्या नेमकी शून्य असेल आणि फाइलमध्ये एकच धागा असेल, तर कारण बहुधा येथे सापडते. स्वतःलाच पूरक असलेला क्रम, जसा १बीएनएचा आहे, तो काही स्फटिकांत अशा रीतीने बसतो की गोफाचे दोन्ही धागे स्फटिकाच्या सममितीने एकमेकांशी तंतोतंत जुळतात. अशा वेळी फाइलमध्ये एकच धागा लिहिला जातो आणि दुसरा कसा मिळवायचा याचे गणित फाइलच्या सुरुवातीच्या टिपांपैकी रिमार्क ३५० या ओळींत दिलेले असते. पीडीबीच्या संकेतस्थळावरील चित्र मात्र पूर्ण जैविक रचना दाखवते. त्यामुळे विद्यार्थ्याने पाहिलेला दुहेरी गोफ आणि त्याने उतरवलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

येथे जैविक रचनेची फाइल उतरवावी. तिच्यातही एक अडसर आहे: दोन धागे बहुतेकदा दोन वेगळे मॉडेल म्हणून लिहिलेले असतात आणि दोघांचे अक्षर तेच असते. थ्रीडीएनए पहिल्या मॉडेलच्या शेवटी थांबते, म्हणून मॉडेलच्या ओळी काढून दुसऱ्या धाग्याला वेगळे अक्षर द्यावे लागते. एनएमआरच्या फाइलमध्ये ज्या ओळी काढणे घातक, त्याच येथे काढणे आवश्यक ठरते. फाइल कशा प्रकारची आहे हे समजून घेतल्याशिवाय कोणतीही गाळणी लावू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच. डीएसएसआरमध्ये अशा सममितीय रचनांसाठी स्वतंत्र पर्याय आहे आणि तो वापरणे अधिक सुरक्षित आहे.

रायबोसोमसारख्या मोठ्या रचना जुन्या पीडीबी स्वरूपात मावतच नाहीत, कारण त्यात अणूंचा क्रमांक ९९,९९९ च्या पुढे जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी पीडीबी संग्रहाचे एमएमसीआयएफ हे नवे स्वरूप घ्यावे.

सिम्युलेशनमध्ये जोड्या एकाएकी गेल्या तर

एका फ्रेममध्ये सर्व जोड्या आहेत आणि पुढच्या फ्रेममध्ये एकही नाही, असे खऱ्या रेणूत घडत नाही. बहुतेक वेळा एक धागा सिम्युलेशनच्या पेटीची (रेणू व पाणी ज्यात ठेवलेले असते त्या काल्पनिक खोक्याची) कड ओलांडून विरुद्ध बाजूने पुन्हा आत आलेला असतो, आणि दोन धाग्यांतील अंतर कागदोपत्री पेटीच्या रुंदीएवढे झालेले असते. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन पॅकेजमध्ये ट्रजकॉन्व्ह या साधनाने आधी रेणू अखंड करावेत, मग दोन्ही धागे एकत्र आणावेत आणि शेवटी ते पेटीच्या मध्यभागी ठेवावेत. हा क्रम उलटा केल्यास दोष पुन्हा येतो. बिघडलेली फ्रेम आणि तिच्या आधीची फ्रेम अशा दोन्ही चित्र-प्रोग्रॅममध्ये शेजारी उघडून पाहिल्या की कारण तत्काळ दिसते.

गोफाच्या टोकाच्या जोड्या अधूनमधून उघडणे आणि मिटणे मात्र स्वाभाविक आहे. तो दोष समजू नये.

निकषांना हात सर्वांत शेवटी

वरील सर्व तपासण्या झाल्यावरच निकषांची फाइल उघडावी, आणि तीही समजून घेण्यासाठी. थ्रीडीएनएच्या मूळ निकषांत दोन बेसच्या चौकटींच्या केंद्रांतील अंतर १५ अँगस्ट्रॉमपर्यंत, उभे अंतर २.५ अँगस्ट्रॉमपर्यंत, दोन बेसच्या पातळ्यांमधील कोन ६५ अंशांपर्यंत आणि किमान एक हायड्रोजन बंध अशा अटी आहेत. हे निकष मुळातच उदार आहेत. वॉटसन-क्रिक जोडीत उभे अंतर शून्याच्या जवळ असते, २.५ ही मर्यादा वाकड्यातिकड्या जोड्यांनाही सामावून घेते. ती वाढवून ३.५ केली, तर एकावर एक रचलेल्या बेसमधील ३.४ अँगस्ट्रॉमचे अंतर तिच्या आत येते, आणि वरच्या पायरीवरील बेस खालच्या बेसचा जोडीदार म्हणून मोजला जाण्याचा धोका उभा राहतो. जोड्यांची संख्या वाढलेली पाहून विद्यार्थ्याला समाधान वाटते, पण त्या आकड्यांवर लिहिलेले प्रकरण परीक्षकासमोर टिकत नाही, आणि टिकूही नये.

शंका उरली तर दुसऱ्या पद्धतीने पडताळावे. कोलकात्याच्या संशोधकांनी तयार केलेला बीपीफाइंड हा प्रोग्रॅम जोडीसाठी किमान दोन हायड्रोजन बंध मागतो. थ्रीडीएनए जोडी सांगते आणि बीपीफाइंड नाकारतो, अशी जागा सापडली की ती जोडी कमकुवत आहे हे कळते, आणि अहवालात तसे लिहिणे हेच योग्य उत्तर असते. तसेच थ्रीडीएनएचा जोड्या शोधणारा प्रोग्रॅम सामान्यतः प्रत्येक बेसला एकच उत्तम जोडीदार देतो. टी-आरएनएमधील त्रिकुटे (तीन बेस एकत्र बांधलेले), उदाहरणार्थ १३, २२ आणि ४६ या बेसचे, हवी असतील तर सर्व जोड्या दाखवणारा पर्याय द्यावा किंवा डीएसएसआर वापरावे. जी-क्वाड्रप्लेक्समध्ये (चार-चार ग्वानिनच्या थरांनी बनलेल्या रचनेत) दुहेरी गोफाच्या जोड्या शोधणे मुळातच अप्रस्तुत आहे.

कोठे थांबावे

१बीएनएवर १२ जोड्या मिळत नाहीत आणि संगणक महाविद्यालयाचा आहे, अशा स्थितीत प्रशासकाच्या परवानग्या स्वतः बदलत बसू नये. प्रयोगशाळेचा सिस्टिम प्रशासक हे काम थोडक्यात करतो.

रचनेच्या आत शिरल्यावर मर्यादा अधिक काटेकोर आहे. रिमार्क ४६५ मध्ये न्यूक्लिओटाइड गहाळ असल्याचे किंवा रिमार्क ४७० मध्ये अणू गहाळ असल्याचे लिहिले असेल, रिझोल्यूशन कमी असेल, किंवा पीडीबीच्या प्रमाणीकरण अहवालात नेमका आपलाच बेस संशयास्पद दाखवला असेल, तर तिथे थांबावे. सहनिर्देशक हाताने सरकवून जोडी ‘जुळवणे’ हे दुरुस्तीचे काम नाही. इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा वाचू शकणाऱ्या स्फटिकशास्त्रज्ञाचा तो विषय आहे. सिम्युलेशनमध्ये पेटीचा दोष दूर केल्यावरही गोफाच्या मधल्या जोड्या उघड्याच राहत असतील, तर वापरलेले फोर्स-फील्ड (अणूंमधील बलांची सूत्रे व आकडे) जुने असण्याची शक्यता तपासावी लागते. डीएनएसाठी २००७ मधील पार्म-बीएससी-शून्य आणि त्यानंतरचे पार्म-बीएससी-एक हे बदल अशाच विकृती सुधारण्यासाठी झाले. फोर्स-फील्ड बदलायचे म्हणजे सिम्युलेशन पुन्हा चालवायचे, आणि तो निर्णय मार्गदर्शकाशिवाय घेऊ नये.

नाशिकहून अशा सल्ल्यासाठी बहुधा पुण्याकडे पाहावे लागते. तिथे विद्यापीठाचे जैवमाहितीशास्त्र केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर या संस्थांत रचनाशास्त्रावर काम करणारी माणसे आहेत. त्यांना विचारताना मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो पाठवू नये. रचनेचा चार अक्षरी क्रमांक किंवा मूळ फाइल, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, प्रोग्रॅमने छापलेला संपूर्ण मजकूर, १बीएनएवर मिळालेला निकाल, आणि फाइलमध्ये आपण केलेला प्रत्येक बदल एवढे एका फोल्डरमध्ये घालून पाठवावे. फाइलमध्ये काहीही बदलले नसेल, तर तेही लिहावे, कारण समोरच्या व्यक्तीचा पहिला प्रश्न तोच असतो.